हत्ती नुसता चरत असतो तेव्हा

म्हैसूर संस्थानातल्या जुन्या छायाचित्रांमध्ये रानहत्ती बहुतेक वेळा घाबरलेलाच दिसतो. कबिनी नदीकाठच्या काकनकोटेच्या जंगलात ‘खेड्डा’ व्हायचा. शेकडो हाकारे ढोल बडवत, मशाली नाचवत कळपाला रेटत आणायचे आणि ओंडक्यांच्या भक्कम कुंपणात कोंडायचे. मग माणसाळलेले हत्ती आत सोडून एकेका रानहत्तीच्या पायांत दोर अडकवायचे. जी. पी. सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७०च्या दशकात म्हैसूरमध्ये ही पद्धत बसवली आणि पुढं ती दरबारी सोहळाच झाली. व्हाइसरॉय आणि परदेशी राजपाहुणे उंच बैठकीवरून तो पाहायचे. सोंड वर, कान ताठ, डोळे पांढरे झालेले, पाण्यात एकमेकांवर चढणारी जनावरं, अशी त्या वेळची चित्रं आहेत. हत्तीचं शरीर त्यांत पुरेपूर आलं आहे. पण हत्ती दिवसभर काय करतो, हे त्यांतल्या एकाही चित्रातून कळत नाही.

शेवटचा खेड्डा काकनकोटेला १९७१ साली झाला. १९७४ मध्ये कबिनीवर धरण पूर्ण झालं आणि खेड्ड्याची ती जागा पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलांतून हत्तींचे कळप तिथं चरायला उतरतात. आज जगभरचे छायाचित्रकार याच काठावर येतात. त्यांच्या चित्रांतली हत्तीण गवताचा पुंजका सोंडेनं उपटते, मुळांची माती झटकायला तो पुढच्या पायावर आपटते आणि मग तोंडात घालते. पिल्लू तिच्या पोटाखाली उभं असतं.

एकाच नदीकाठच्या या दोन प्रकारच्या चित्रांमध्ये बघण्याची एक मोठी उलथापालथ झाली आहे. तिचा मोठा भाग बंगळुरूत घडला, तिथल्या डार्करूममध्ये, छायाचित्रकारांच्या मंडळांत आणि पुढं प्रयोगशाळांत. एक महत्त्वाचा धागा एका मराठा घराण्यातून येतो, आणि मराठी वाचकाला त्याची फारशी ओळख नाही, म्हणून सुरुवात तिथून करतो.

बळ्ळारी जिल्ह्यातलं संडूर हे डोंगरांनी वेढलेलं चिमुकलं संस्थान घोरपड्यांचं. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या कुळातलं हे राज्य हैदर-टिपूच्या धामधुमीत हातचं गेलं आणि टिपूच्या पाडावानंतर पुन्हा घोरपड्यांकडे आलं. लोखंड आणि मँगनीजनं भरलेले डोंगर, मधे हिरवी दरी आणि कुमारस्वामीचं प्राचीन देऊळ, एवढाच त्याचा पसारा. संस्थान लहान असलं तरी दरबार मागासलेला नव्हता. राजे यशवंतराव घोरपडे यांनी १९३२ साली देवळांचे दरवाजे हरिजनांना उघडले आणि दोन वर्षांनी गांधीजी संडूरला येऊन गेले.

१९४२ मध्ये या संस्थानात मद्रासहून एक तिशीतला गृहस्थ नोकरीला आला. एम. कृष्णन त्यांचं नाव. तमिळ कादंबरीकार ए. माधवय्या यांचा हा मुलगा चित्रं काढायचा, लिहायचा आणि स्वभावानं फटकळ होता. संडूरनं त्यांना आधी शिक्षक केलं, मग न्यायाधीश, मग प्रसिद्धी अधिकारी आणि शेवटी राजांचे राजकीय सचिव. लहान संस्थानात एकाच माणसानं इतक्या टोप्या घालायच्या, हे त्या काळात काही नवलाचं नव्हतं. कृष्णन यांना मात्र तिथं दुसरंच घबाड गवसलं. कचेरीतून बाहेर पडलं की पाच मिनिटांत डोंगर सुरू, आणि वाघ-हत्तींच्या गोष्टींपेक्षा कितीतरी जवळ असलेली साधी सृष्टी समोर: सरडे, खारी, होले, कोल्हे, गावातली गुरं. संस्थान १९४९ मध्ये भारतात विलीन झालं आणि कृष्णन मद्रासला परतले. १९५० पासून त्यांनी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये निसर्गावर जे सदर सुरू केलं, ते १९९६ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत चाललं. कावळा काय करतो, म्हैस कशी रवंथ करते, कुत्रं सावलीसाठी जागा कशी निवडतं, हे सारं त्या सदराला पुरेसं महत्त्वाचं वाटायचं. मला हे त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. वाघावर लिहायला सगळेच तयार असतात.

छायाचित्रांतही कृष्णन यांचा हट्ट तोच होता. फक्त कृष्णधवल, फक्त नैसर्गिक उजेड. कॅमेरा त्यांनी वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जोडून स्वतःच उभा केला होता. त्याचं नावही अवाढव्य होतं, ‘सुपर पाँडेरोसा’. पाळीव हत्तीच्या पाठीवर बसून ते रानात जायचे, कारण त्या हत्तीच्या वासाआड माणसाचा वास लपतो आणि रानगवे, सांबरं, रानहत्ती आपलं चालू काम सोडत नाहीत. १९६८ मध्ये मिळालेल्या नेहरू फेलोशिपमुळं द्वीपकल्पातल्या सस्तन प्राण्यांची त्यांची पाहणी पूर्ण होऊ शकली. ती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९७५ साली पुस्तकरूपात छापली.

कृष्णन संडूरला आले तेव्हा राजपुत्र मुरारराव यशवंतराव, म्हणजे पुढचे एम. वाय. घोरपडे, दहा वर्षांचे होते. ते गेले तेव्हा सतरा. कोवळ्या वयात असा माणूस आसपास असणं ही गोष्ट मी लहान मानत नाही. घोरपडे केंब्रिजला अर्थशास्त्र शिकले आणि परत येऊन राजकारणात पडले. बळ्ळारी जिल्हा १९५३ मध्ये म्हैसूर राज्यात आला होता, त्यामुळं संडूरच्या माणसाचं राजकारण आता बंगळुरूत होतं. देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात १९७२ ते १९७७ ते अर्थमंत्री होते. विधानसौधात अंदाजपत्रकं मांडणारा हा माणूस सवड मिळाली की बंदीपूरला जाऊन हत्तींसमोर तास न् तास थांबायचा. १९८३ मध्ये त्यांचं ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे पुस्तक लंडनमध्ये निघालं, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय छायाचित्र महासंघानं, म्हणजे ‘फियाप’नं, त्यांना ‘मास्टर फोटोग्राफर’ हा किताब दिला.

त्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘डायरी’ आहे. डायरी ठेवणारा माणूस रोज काय घडलं ते लिहितो. घडलं नसेल तर तेही लिहितो. शिकारीच्या आठवणी सांगणाऱ्या पुस्तकांनी भरलेल्या कपाटात, जिथं प्रत्येक प्रकरण गोळीच्या आवाजानं संपायचं, तिथं अशी डायरी येऊन बसणं ही मोठी गोष्ट होती. ज्या वर्गातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेतले, त्याच वर्गातला एक जण आता जनावराला आपलं अस्तित्व कळू नये म्हणून धडपडत होता.

कृष्णधवलामागं आवडीइतकंच व्यवहाराचंही कारण होतं. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी फिल्म मिळायची मारामार होती. आयातीवर निर्बंध होते, किमती चढ्या होत्या. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना निघाला आणि ‘इंदू’ छापाची कृष्णधवल फिल्म मिळू लागली, तेव्हा हौशी माणसाला जरा हायसं वाटलं. कृष्णधवल रोल घरच्या मोरीत अंधार करूनही धुता यायचा, हवा तसा प्रिंट काढता यायचा. रंगीत रोल बाहेरच्या लॅबकडे द्यावा लागे. मोठ्या आकाराच्या रोलवर जेमतेम बारा चित्रं, लहानावर छत्तीस. त्यामुळं बटण दाबण्याआधी माणूस खूप वेळ नुसता बघायचा. जनावराची पुढची हालचाल ओळखता येईपर्यंत बघायचा, कारण हालचाल दिसल्यावर बोट दाबलं तर तो क्षण गेलेला असे. आजच्या यंत्रांत एका सेकंदात तेवढी चित्रं निघतात आणि त्यात वाईट काही नाही, पण निरीक्षणाची ती सक्तीची शाळा मात्र बंद झाली.

बंगळुरूत ही शाळा मंडळांतून चालत होती. १९७१ साली सुरू झालेल्या यूथ फोटोग्राफिक सोसायटीसारख्या संस्थांत दर बैठकीला प्रिंट मांडले जायचे आणि ज्येष्ठ मंडळी त्यांची चिरफाड करायची. वन्यजीवांच्या बाजूला ओ. सी. एडवर्ड्स हे आद्य गुरू, आणि त्यांच्या मागोमाग ई. हनुमंतराव आणि टी. एन. ए. पेरुमाळ ही मोठी नावं. पेरुमाळ १९३२ साली जन्मले आणि २०१७ साली बंगळुरूतच वारले. घरट्यावरचे पक्षी आणि रात्रीचे प्राणी हा त्यांचा हातखंडा, आणि त्यांच्या हाताखाली दोन-तीन पिढ्या तयार झाल्या.

घरट्यावरच्या पक्ष्याचं छायाचित्रण म्हणजे निव्वळ रोजच्या वागण्याचं छायाचित्रण. चारा कोण आणतं, किती वेळानं आणतं, विष्ठेची पिशवी उचलून कोण नेतं, ऊन आलं की आई पंख पसरून कशी उभी राहते, हे सगळं तिथं दिसतं. त्यासाठी कापडाचं ‘लपण’ उभारावं लागतं, आणि तेही एकदम जवळ नाही. पहिल्या दिवशी दूर, मग रोज थोडं थोडं पुढं, पक्ष्याला सवय होईल तसं. लपणात शिरताना दोघांनी जायचं आणि एकानं बाहेर पडून उघडपणे निघून जायचं. पक्ष्याला वाटतं संकट टळलं आणि तो घरट्यावर परततो. या कामात एक वाईट खोडही होती. चित्र स्वच्छ यावं म्हणून लोक घरट्यापुढच्या फांद्या छाटायचे आणि मग पिल्लं उन्हात भाजायची किंवा कावळ्यांच्या तोंडी जायची. घरट्यावरच्या छायाचित्रणाला आज बहुतेक स्पर्धांनी मनाई केली आहे, ती मला योग्य वाटते. पण त्या पिढीनं लपणात घालवलेल्या तासांतून आपल्या पक्ष्यांच्या संसाराची माहिती मिळाली, हेही तितकंच खरं.

माणसांकडे याच नजरेनं बघणारा माणूसही म्हैसूर-बंगळुरूनंच दिला. टी. एस. सत्यन १९२३ साली म्हैसूरला जन्मले. १९४८ मध्ये बंगळुरूत ‘डेक्कन हेरल्ड’ सुरू झालं आणि ते तिथं छायाचित्रकार म्हणून लागले. पुढं मुंबईला ‘इलस्ट्रेटेड वीकली’त आले, मग मुक्तपणे काम करू लागले. वृत्तछायाचित्रकारानं हार-तुरे, भाषणं आणि अपघात टिपायचे, असा तेव्हाचा दंडक. सत्यन यांचा कॅमेरा मात्र पुन्हा पुन्हा पाण्याच्या नळाकडं, शाळेच्या पायरीकडं, आजोबांच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोराकडं वळायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं देवीच्या निर्मूलन मोहिमेची चित्रं काढायचं काम त्यांना दिलं. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात त्यांनी टिपलेल्या भारतीय मुलांचं प्रदर्शन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरलं. त्या मुलांपैकी कुणी प्रसिद्ध नव्हतं, कुणाच्या हातात चषक नव्हता. खेळणं, भांडणं, रुसणं, धाकट्याला कडेवर घेऊन हिंडणं, एवढंच ती करत होती.

प्राणी आणि माणूस यांच्या वागण्याला एकाच मापानं मोजण्याची ही कल्पना मुळात जुनी. डार्विननं १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांच्या खुणांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यात छायाचित्रं घातली होती. विज्ञानाच्या पुस्तकात छायाचित्र हा पुरावा म्हणून वापरण्याचा तो आरंभकाळ. १९४२ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांनी बाली बेटावरच्या लोकांच्या रोजच्या वागण्याची ७५९ छायाचित्रं एका ग्रंथात मांडली. ती बेटसन यांनी काढलेल्या सुमारे २५ हजार चित्रांतून निवडलेली होती. आई मूल कसं धरते, नाचाचे गुरू शिष्याचा हात कसा वळवतात, हे शब्दांत पकडता येत नाही म्हणून त्यांनी कॅमेरा वापरला.

बंगळुरूच्या मंडळींना प्राणी आणि माणूस हे दोन्ही एकाच चौकटीत सापडले ते कोक्करेबेळ्ळूरला. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर मद्दूरच्या बाजूचं हे खेडं. तिथं चिंचेच्या आणि वडा-पिंपळाच्या झाडांवर, घरांच्या अगदी जवळ, झोळीवाले आणि रंगीत करकोचे दरवर्षी घरटी करतात. १९७६ मध्ये वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी या वसाहतीकडं अभ्यासकांचं लक्ष वेधलं. नेगिनहाळ स्वतः छायाचित्रकार, आणि पुढं ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या रस्त्यांवर लाखो झाडं लावणारा हाच माणूस. कोक्करेबेळ्ळूरच्या लोकांनी पक्ष्यांची विष्ठा शेताला खत म्हणून वापरली आणि झाडं तोडली नाहीत. चिंचेच्या उत्पन्नावर पाणी सोडलं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, असं ते या पक्ष्यांना मानतात. माहेरपणाचा अर्थ आपल्याकडं वेगळा सांगायला नको. तिथल्या चित्रांत वर झोळीवाला पिल्लाच्या चोचीत मासा ओततो आहे आणि खाली बाई अंगणात सडा टाकते आहे, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडं बघत नाही. या चित्रांत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, एकमेकांची सवय.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ मध्ये बंदीपुरात आलेला व्याघ्र प्रकल्प, या घटनांनी बंदूक कायद्यानं बाजूला केली. पण कॅमेऱ्याचं पुढचं पाऊल संशोधकांनी टाकलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रामन सुकुमार सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हत्तींचा अभ्यास करू लागले, तेव्हा प्रत्येक हत्ती ओळखायला हवा होता. कानाची फाटलेली कड, सुळ्यांचा बाक, शेपटीच्या केसांची ठेवण, अशा खुणा छायाचित्रांवरून जुळवून कळपातले चेहरे पक्के करता येतात. एकदा हत्ती ओळखू आला की त्याची दिनचर्याही कळते: तो कुठं चरतो, कुणाबरोबर फिरतो, नाचणीच्या शेतात कोण शिरतं. नर शेतात जास्त जातात, हे सुकुमार यांनी दाखवलं. नागरहोळेत उल्लास कारंथ यांनी नव्वदीच्या दशकात हेच वाघाच्या पट्ट्यांबाबत केलं. स्वयंचलित कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला की त्याचं चित्र आपोआप निघायचं. १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी उत्तरेत तारेला कॅमेरा बांधून वाघांची चित्रं काढली होती. कारंथ यांनी त्या युक्तीला संख्याशास्त्राची जोड देऊन १९९५ मध्ये वाघांची संख्या काढण्याची पद्धत मांडली.

घोरपडे आणि पेरुमाळ यांच्या चिकाटीचं खरं वारसपण मला त्यानंतरच्या एका अभ्यासात दिसतं. बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजमधले निशांत श्रीनिवासय्या आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत शहराच्या आसपासच्या टापूत, जिथं जंगल, तलाव, शेतं आणि कारखाने एकमेकांत मिसळले आहेत, नर हत्तींची छायाचित्रं जमवली. १,४४५ नोंदींतून २४८ नर वेगवेगळे ओळखले गेले. वयात आलेला नर आईचा कळप सोडून एकटा राहतो, असं पुस्तकं सांगत होती. चित्रांनी दुसरं सांगितलं. माणसांच्या वस्तीत आणि पिकांच्या मुलखात तरुण नर मोठाल्या टोळ्या करून राहतात, आणि त्या टोळ्या बराच काळ टिकतात. जंगलात राहणारे नर बहुधा एकेकटेच. धोक्याच्या जागी एकत्र राहण्याची ही नवी तऱ्हा आहे, असा निष्कर्ष त्यांनी २०१९ मध्ये मांडला. हत्ती शंभर-दीडशे वर्षं आपल्यापासून पळून काय शिकले, याची ही नोंद आहे. ती सापडली चरणाऱ्या, चालणाऱ्या, तलावात डुंबणाऱ्या हत्तींच्या साध्या चित्रांतून.

त्याच संस्थेतल्या अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी बंदीपूरच्या टोपीमाकडांचं वागणं बारकाईनं न्याहाळलं आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापले. रस्त्यावर पर्यटक थांबतात, त्यांच्या हातात खाणं असतं. माकडं माणसाकडं बघत ‘कू’ असा एक आवाज काढतात, हात पुढं करतात, माणसाचं लक्ष आहे का ते पाहतात, आणि खाणं मिळालं की थांबतात. हा आवाज आणि हा हात ती मुख्यत्वे माणसासाठीच वापरतात. म्हणजे इथल्या माकडांनी आपल्याशी बोलण्यापुरती एक खूण घडवली आहे. हे टिपताना माणूस चौकटीबाहेर ठेवून चालत नाही, कारण माणूस बघत नसेल तर माकडाची मागणी वेगळी होते. पर्यटकानं पाठ फिरवली, गाडीची काच वर केली, की माकड काय करतं, हे पाहायचं असेल तर कॅमेऱ्याच्या चौकटीत गाडीही लागते, काचही लागते आणि पोळीचा तुकडा धरलेला माणसाचा हातही लागतो.